दाराबाहेरचा रूरी

त्रेपन्नाव्या वर्षी माझी पट्टी उतरली. वजन उतरलं असतं तर मी देवळात मेणबत्ती लावली असती, पण मागायचं एक आणि पदरात पडायचं दुसरंच. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, शाळेच्या स्वयंपाकघरातली वाफ घशाला लागली असेल. शेजारच्या बेनबेक्युला बेटावरच्या डॉक्टरीणबाईंनी घशात दिवा धरून पाहिलं आणि म्हणाल्या, घसा ठणठणीत आहे, तुमचं वय झालंय तसं आवाजाचंही झालंय. इतक्या गोड बोलल्या की रागही धड येईना.

आवाज फाटला नव्हता. उलट खाली तो छान भरून येत होता, गार रात्री चुलीशी सरकून बसलेल्या माणसासारखा. फक्त वर जायला तयार नव्हता. सगळा जन्म मी काळी पाचमध्ये गायले. आता तो काळी तीनमध्ये जाऊन बसला आणि तिथून उठेना. दुसरी कुणी असती तर तिने वाद्यं खाली लावून घेतली असती आणि विषय संपला असता. पण आमच्या बँडमध्ये बॅगपाइप आहे. बॅगपाइपला सूर नऊ आणि पट्टी एकच. त्याला विनवा, शिव्या द्या, तो काळी पाच सोडत नाही. आणि जुलैमध्ये आमच्या गावच्या हॉलमध्ये बँडच्या तीस वर्षांचा कार्यक्रम ठरलेला. म्हणजे एकतर पाइप गप्प बसणार, नाहीतर मी.

बँडचं नाव 'फेरी शेड'. ते कोणी ठेवलं नाही, पडलं. आम्ही चौघं तेव्हा विशीत होतो. समुद्रापलीकडे, स्कॉटलंडच्या मुख्य किनाऱ्यावरच्या मॅलेगला एका लग्नाला निघालो आणि आमच्याच बेटावर लॉखबॉइझडेलच्या धक्क्यावर अडकलो. वाऱ्यामुळे बोट सुटेना. पत्र्याच्या शेडमध्ये बसून करणार काय? डोलीनाकडे अकॉर्डियन होतं. आर्चीकडे गिटार होती. हा मूळचा ग्लासगोचा, टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायला बेटावर आला आणि डोलीनाला बघून तारा विसरला. रूरीकडे त्याचा पाइप होता. माझ्याकडे नुसतं तोंड. बोट काही सुटली नाही. लग्न तिकडे आमच्यावाचून लागलं आणि इकडे शेडमधली अडकलेली माणसं नाचायला लागली.

थोड्याच दिवसांत पहिलं खरंखुरं आमंत्रण आलं, तेही लग्नाचंच. तेव्हा कळलं की शेडमध्ये वाऱ्याच्या गोंगाटात जमलं ते हॉलमध्ये जमत नाही. पाइप म्हणजे माळरानावर वाजवायचं वाद्य. चार भिंतींत तो सुरू झाला की माझा आवाज सोडाच, नवऱ्यामुलाच्या आईचाही ऐकू येईना, आणि ती काही हळू बोलणारी बाई नव्हती. दुसऱ्या गाण्याला डोलीना रूरीला म्हणाली, हे तुझं प्रकरण बाहेर घेऊन जा. तो गेला. फणफणत गेला, गाड्या लावल्या होत्या तिथे उभा राहिला आणि हट्टाने तिथूनच वाजवायला लागला. दार नीट लागलं नव्हतं. त्या फटीतून पाइप आत आला तो दोन टेकड्यांपलीकडून आल्यासारखा, आणि माझा आवाज त्याच्यावर असा काही बसला की लोकांनी हातातले ग्लास खाली ठेवले. आमच्याकडे लग्नात ग्लास खाली ठेवणं ही काय चीज आहे, ते तिथे असलेल्यांनाच विचारा.

तेव्हापासून रूरी बाहेर. दारात आर्चीच्या डाव्या पायातला बूट अडकवायचा, म्हणजे फट हवी तेवढीच राहते. आर्ची एका पायात नुसता मोजा घालून गिटार वाजवायचा. परगावच्या लोकांना ती त्याची स्टाइल वाटायची. मी मधे, डोलीना उजवीकडे, आणि रूरी थंडीत, पावसात, एकदा तर गारांत, कुठल्यातरी हॉलच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी.

आमचं बरं चाललं. ग्लासगोच्या एका चर्चच्या तळघरात रेकॉर्ड केली. गाईला पान्हा फुटावा म्हणून धार काढताना म्हणायचं एक गाणं होतं, मी माझ्या मावशीकडून घेतलेलं. ते टीव्हीच्या एका खूनबाजीच्या मालिकेने शेवटी लावलं. आठवड्याला एक मुडदा पडायचा आणि त्यावर माझं गाईचं गाणं. त्या मुडद्यांच्या पुण्याईने आम्ही फ्रान्समधली ब्रिटनी पाहिली, डेन्मार्क पाहिलं, समुद्रापलीकडे कॅनडात केप ब्रेटनला जाऊन आलो. तिथे, पणजोबांच्या काळी बेट सोडून गेलेल्यांची, आमच्याच आडनावाची माणसं आम्हाला मिठ्या मारून रडली.

डेन्मार्कमध्ये लोक फार भले. रूरी बाहेर बर्फात उभा राहणार म्हणून त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी त्याच्यासाठी दाराबाहेर एक तंबू लावला आणि आत हीटर ठेवला. पाइप थंडीत उतरतो आणि उबेत चढतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही बाकीचे बर्फाच्या हिशोबाने सूर धरून बसलेलो. रूरी उबेत उभा राहून वाजवायला लागला तसा पाइप वर वर चालला, आणि मी त्याच्यामागे जिना चढल्यासारखी. मध्यंतरात रूरीने हात जोडून त्यांना हीटर बंद करायला लावला. त्या भल्या माणसांना वाटलं, हा काही व्रत वगैरे करतोय.

मग मालिका संपली, रेकॉर्डवाली कंपनी बुडाली, फोन वाजायचा थांबला. आम्ही परत लग्नं आणि बारशी करायला लागलो. असल्या वेळी बँड फुटतात म्हणे. आम्ही नाही फुटलो. बेटावर दुकान एक, बोट एक. भांडून जाणार कुठे? डोलीना त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसते, रूरी शाळेची बस चालवतो, मी त्याच शाळेत स्वयंपाक करते. मुलांना सोडलं की तो मागच्या दाराने माझ्याकडे येतो, उभ्याउभ्याच वाडगाभर सूप पितो आणि जातो. फारसं बोलत नाही.

तर, पट्टी उतरली ती मी काही महिने लपवली. वरच्या जागा गिळून टाकायचे, खोकायचे, प्रेक्षकांना म्हणायला लावायचे. डोलीनाला पत्ता लागायला वेळ लागला नाही. गल्ल्यावर माझ्या पावाची किंमत मारता मारता, मागे रांग उभी असताना, तिने विचारलं, "एफी, तू गातेस की तोंड हलवतेस?"

मग सगळ्यांनाच सांगावं लागलं. रूरीने काय काय करून पाहिलं म्हणून सांगू. नळीच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, तर सूर आंबले. आत थरथरणारी वेताची पाती असते, ती लांब कापून बसवली, तर पाइप घोगरा झाला. नात्यातल्या एका मुलाकडून भात्याचा लहान पाइप मागून आणला. तो पांढरी सहापर्यंत येऊन थांबला, आणि मला जायचं होतं आणखी तीन पायऱ्या खाली. डोलीना म्हणाली, आपण कार्यक्रम जानेवारीत करू आणि रूरीला उत्तर ध्रुवावर उभा करू. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन सिंकपाशी उभी राहून रडून घेतलं.

सरळ उपाय होता. डोलीनाची भाची इश्बेल चोवीस वर्षांची, आवाज स्वच्छ, काळी पाच तिला हातचा मळ. मी तिला घरी बोलावून गाईचं गाणं शिकवलं. शिकवताना आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पोरगी गुणी आहे. फक्त ती गेल्यावर स्वयंपाकघर फार मोठं वाटायचं.

हे रूरीला सांगितलं तेव्हा मी गाजरं सोलत होते. तो वाडगा हातात धरून दारात उभा होता.

"इश्बेलच्या साथीला मी वाजवणार नाही," तो म्हणाला.

"का रे? चांगली गाते."

"गाते की. पण मी बाहेर उभा राहतो तो तुझं ऐकायला. वाजवणं आपलं त्याच्याबरोबर होऊन जातं."

एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी उगाचच चिडले. मग तो म्हणाला, मीच पाइप बंद करतो, तू गा तुझ्या पट्टीत, अकॉर्डियन आहे, गिटार आहे. मी म्हटलं, तू वाजवणार नसशील तर मी गाणार नाही. तो म्हणाला, तू गाणार नसशील तर मीही वाजवणार नाही.

"मग जुलैमध्ये लोकांनी काय आर्चीचा मोजा बघायचा?"

तो वाडगा ठेवून निघून गेला. सूप तसंच होतं.

तरी दुसऱ्या दिवशी आला. त्याचं येणं मला कळलं नाही, मी पातेल्याकडे तोंड करून ढवळत होते आणि ढवळता ढवळता गाईचं गाणं म्हणत होते, माझ्या नव्या जागी, खाली, कुणासाठी नाही. दुसऱ्या कडव्याला मागून, नुसत्या तोंडाने म्हटलेले पाइपचे बोल ऐकू आले. हिनो रो, हिनो दिन, हिहारा हो. आमच्याकडे मुलाला आधी पाइप देत नाहीत. आधी बोल. रूरीच्या काकाने त्याला तीन हिवाळे स्वयंपाकाच्या टेबलाशी बसवून नुसते बोल म्हणायला लावले होते, चुकला की चमच्याने बोटांवर. बोल पाठ झाल्यावर बोटं. त्यामुळे रूरीच्या तोंडात अख्खा पाइप आहे, प्रत्येक सुराला, प्रत्येक मुरकीला बोल. बस चालवताना तो तेच पुटपुटत असतो.

मी थांबले. तो थांबला नाही, वाडगा हातात धरूनच ओळ पुरी केली.

"रूरी, कुठल्या पट्टीत म्हणतोयस तू?"

"पट्टी कसली? तू धरलीस ती."

मग त्याच्याही लक्षात आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि सूप तळाला लागलं. त्या दिवशी मुलांनी करपट सूप खाल्लं.

मला वाटलं, सुटलं कोडं. पण जुलैमध्ये पाइपऐवजी हे बोलच म्हण, असं मी सुचवल्यावर रूरीचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला बनियनवर देवळात यायला सांगितलंय. हे घरातलं असतं, तो म्हणाला, शिकवायचं, पाठ करायचं, हे लोकांसमोर म्हणतात का? आणि निघून गेला. त्यानंतर काही दिवस तो सूप प्यायला आला नाही. बस शाळेच्या फाटकाशी थांबवायचा आणि तिथूनच वळायचा.

डोलीनाने त्याला दुकानात गाठलं. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. ती मला म्हणाली, "तीस वर्षं आपण त्याला बाहेर काढलं म्हणून मी मनात कुढत होते. आणि हा बाबा तिथे सुखात होता." रूरीने तिच्याकडे कबूल केलं होतं की त्या पहिल्या लग्नात बाहेर गेल्यावर राग ओसरला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. कुणी बघत नाही. समोर तोंडं नाहीत. प्रेक्षक म्हणजे काय ते त्याने त्यानंतर पाहिलेलंच नव्हतं. टाळ्याही त्याला दाराच्या फटीतूनच मिळायच्या.

हे कळल्यावर मी त्याला काही म्हटलं नाही. माणसाला त्याच्या बाहेरच्या जागेवरून उठवायचं, ते आपल्याला गाता यावं म्हणून? मी आर्चीबरोबर निरोप पाठवला: इश्बेल तयार आहे, तू नेहमीसारखा ये, तुला वाजवावंसं वाटलं तर वाजव, मी समोर बसून ऐकेन. उलट निरोप आला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. खिडकीच्या कट्ट्यांवरसुद्धा माणसं होती. इश्बेल पहिल्या रांगेत निळा फ्रॉक घालून बसलेली, मांडीवर हात घट्ट धरून. हॉलची देखभाल केट ॲन करते. तिने न सांगता दारात आर्चीचा बूट अडकवून ठेवला आणि फटीतून जुलैची चिलटं आत यायला लागली. लोक माना खाजवत होते. रूरी पाइप काखेत मारून माझ्यासमोरून बाहेर गेला, तीस वर्षं जात होता तसाच. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी म्हटलं, ठीक आहे. खरंच म्हटलं. हा हॉल, ही माणसं, एवढी वर्षं. एका बाईच्या वाट्याला याहून जास्त येत नाही. सुरुवातीचे दोन शब्द बोलायला मी वर उभी होते, तिथूनच इश्बेलला वर यायची खूण केली. ती उठली.

तेवढ्यात दार उघडलं आणि रूरी आत आला. हातात पाइप नव्हता. त्याने बूट पायाने बाहेर सारला आणि दार लावून घेतलं. मग माणसांच्या मधून, खाली मान घालून, तो वर आला आणि माझ्या डाव्या हाताला उभा राहिला. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले, काकाने धडा म्हणायला उभं केल्यासारखे. कानापर्यंत लाल झाला होता. इश्बेल हळूच खाली बसली आणि मला दिसलं की तिचा जीव भांड्यात पडला.

डोलीनाने काळी तीन धरली. मी गाईचं गाणं सुरू केलं. आवाज जिथे आपणहून जाऊन बसला होता तिथेच मी त्याला बसू दिलं, आणि पहिल्या ओळीलाच वाटलं, हा माझाच आवाज आहे, नुसता घर बदललेला. अर्ध्या हॉलने सवयीने दाराकडे माना वळवल्या होत्या, पाइप तिकडून यायचा म्हणून. दुसरं कडवं आलं. रूरीने यायचं होतं. तो आला नाही. मी डोळे उघडले तर तो माझ्याकडे टक लावून बघत होता, तोंड अर्धं उघडं, बोल कुठे गेले कुणास ठाऊक.

मी कडवं परत घेतलं. धारेचं गाणं आहे, गाय पान्हा सोडेपर्यंत म्हणायचंच असतं. परत घेतलं आणि अजून एकदा घेतलं. मग डोलीना अकॉर्डियनसकट माझ्यामागून सरकली आणि तिने त्याला लाथ मारली.

हिनो रो, त्याने सुरू केलं. पहिले बोल कोरडे आले, चिरकले. मग हिनो दिन, हिहारा हो, आणि तो माझ्या आवाजाच्या खाली शिरला, इतक्या जवळ की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. इतकी वर्षं हा माणूस दोन टेकड्यांपलीकडे होता. आणि मग मागच्या रांगांतून एक गुणगुण सुरू झाली. मागे आमच्या म्हाताऱ्या बायका बसतात. त्यांच्या वेळी मुलींच्या हाती पाइप कोण देणार? पण भाऊ टेबलाशी बसून बोल घोकायचे तेव्हा या तिथेच बटाटे सोलत असायच्या. त्यांना सगळं पाठ. ओठ फारसे न हलवता त्या रूरीबरोबर म्हणत होत्या. केट ॲन दाराशी उभी राहून म्हणत होती, हातातला झाडू तसाच.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या. रूरी मागे सरकला, तुम्ही पाणी अंगावर आल्यावर सरकाल तसा.

नंतर चहा आणि सँडविचं झाली. आमच्याकडे तोंडावर कुणी कौतुक करत नाही. एकजण येऊन म्हणाला, अजून गाता म्हणजे तुम्ही. केट ॲन म्हणाली, बरं झालं दार लावलंत, चिलटांनी जीव खाल्ला होता. आर्ची बाहेर बॅटरी घेऊन बूट शोधत होता. इश्बेलने मला मिठी मारली आणि विचारलं, मावशी, मला हे बोल रूरीकाका शिकवतील का?

रूरी खिडकीपाशी एकटाच कप धरून उभा होता. मी त्याच्याजवळ गेले. मी त्याचे आभार मानले. नुसते आजचे नाहीत. गारांचे, डेन्मार्कचे, कचऱ्याच्या डब्यांचे, सगळे. आमच्याकडे कुणी असे आभार मानले तर माणसाला वाटतं, आपल्याला काही जीवघेणा आजार झालाय आणि सगळ्यांना तो आधीच कळलाय.

"तू गाताना डोळे मिटतेस," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"म्हणून थांबलास?"

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "पुढच्या वेळी दुसऱ्या कडव्याला वेळेवर येईन."

पुढची वेळ ऑगस्टमध्ये आली, शेजारच्या बॅरा बेटावर एका लग्नात. नवऱ्यामुलीकडचे पाऊणशे लोक समोर बसले होते आणि रूरी माझ्या डावीकडे, हात पाठीमागे बांधून. दुसऱ्या कडव्याला तो आला. जरा जास्तच जोरात आला, पण वेळेवर.